युंकर म्हणजे धाकले धनी

प्रश्न आला आहे : 'हिटलरच्या उदयावरच्या लेखांत "जंकर" सारखे भेटतात. हे आडनाव की पदवी? मराठीत जमीनदार म्हटलं तर चालेल का?'

आधी ते 'जंकर' थांबवा. शब्द जर्मन आहे, उच्चार 'युंकर'. परवा एका व्याख्यानात तर वक्त्याने या खानदानी जर्मन जमीनमालकांचा संबंध थेट युंकर्स विमानांशी लावला! विमानं काढणारा हुगो युंकर्स ऱ्हाइनलँडमधल्या कारखानदाराचा मुलगा. त्याचं ते नुसतं आडनाव.

आता खरी गंमत. मूळ शब्द 'युंकहेर्रे'. यातला 'युंग' म्हणजे तरुण, आपल्या 'युवन्'चा चुलतभाऊ. ऋग्वेदातला 'युवश' तर त्याच्या आणखी जवळचा : आपल्याकडे श राहिला, तिकडे त्याचा ग झाला. आणि 'हेर' म्हणजे मालक, पण त्याच्या पोटात शिरलं की सापडतो 'हेरिरो' : पिकल्या केसांचा, अधिक वडील. म्हणजे युंकर हा अक्षरशः 'धाकला थोरला'! डचांनी याचंच 'योंखेर' केलं आणि अमेरिकेत नेलं. न्यूयॉर्कशेजारचं याँकर्स त्यावरून. मराठीत याला आयता जोड आहे : धाकले धनी. याहून चोख भाषांतर मला कुणी दाखवावं.

कोशकार 'जमीनदार' लिहून मोकळे होतात. आपला जमीनदार म्हटला की सारा वसूल करणारा डोळ्यांपुढे येतो. एल्बे नदीच्या पूर्वेचा युंकर स्वतःच्या वाड्यात राहून मजुरांकरवी राय (गव्हासारखं धान्य) आणि बटाटा पिकवायचा. प्रशियात (जर्मनीतलं सर्वांत मोठं राज्य) १९२७ पर्यंत अशा इस्टेटी गावापासून वेगळ्या मोजल्या जात आणि तिथला कारभारही मालकच बघे. कोकणातले वाचक 'खोत' सुचवतील. रुबाब जुळतो, पण खोत मुळात वसुलीचा माणूस. 'सरंजामदार' सुचवणाऱ्या विद्वानांनी सरंजाम लष्करी चाकरीबद्दल मिळायचा हे एकदा वाचावं.

नमुना बघायचा तर पश्चिम प्रशियातला एलार्ड फॉन ओल्डेनबुर्ग-यानुशाऊ. जन्म १८५५. सम्राटाला कुठल्याही क्षणी एखाद्या लेफ्टनंटला 'दहा माणसं घे आणि राईशस्टाग (जर्मन संसद) बंद कर' असं सांगता आलं पाहिजे, हे त्याने १९१० मध्ये खुद्द राईशस्टागमध्ये उभं राहून सुनावलं. सम्राट गेला, प्रजासत्ताक आलं, आणि १९३० मध्ये हे गृहस्थ जर्मन राष्ट्रीय पक्षातर्फे त्याच सभागृहात पुन्हा निवडून आले. वय पंचाहत्तर, तरी धाकले धनीच.

हो, आडनाव की पदवी ते राहिलंच. दोन्ही नाही, ते वर्गाचं नाव. खानदानी किताबांचे विशेषाधिकार १९१९ च्या घटनेने काढले. नावातला 'फॉन', म्हणजे खानदानीपणाची खूण, उरला तो निव्वळ नावाचा भाग म्हणून. वजन मात्र कुठल्या घटनेने जातं? हा यानुशाऊकर राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गचा दोस्त. १९२७ मध्ये हिंडेनबुर्गच्या ऐंशीव्या वाढदिवसाला वर्गणी काढून नॉयडेकची इस्टेट भेट दिली गेली, त्यात पुढाकार याचाच. त्यामुळे दोघे शेजारीही झाले. कागदावर नाव लागलं मुलाचं, ओस्कारचं, पुढे वारसा कर पडू नये म्हणून. वाड्यात थोरले धनी, सातबारा धाकल्यांच्या नावावर.