डॉक्टरांना विचारा : आई गेली तेव्हा फोनच लागत नव्हता

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, मी दापोली तालुक्यातली. २०२० साली आईला कॅन्सर होता, मुंबईला ट्रीटमेंट चालू होती ती लॉकडाऊनमध्ये बंद पडली, मग हॉस्पिटलातून फोनवर सांगितलं की आता पॅलिएटिव्ह केअर, घरीच सांभाळा. म्हणजे नक्की काय करायचं ते कोणी सांगितलंच नाही. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, कौलं उडाली, लाईट नाय, टॉवर बंद, आणि त्यातच ती गेली. भाऊ बोरिवलीला, त्याला चौथ्या दिवशी कळलं. आता मुलगी नर्सिंगला आहे, ती म्हणते महामारीतल्या पॅलिएटिव्ह केअरवर जगभर रिसर्च झालाय. त्यात आमच्यासारख्यांचं काय आहे का?

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, 'घरीच सांभाळा' म्हणजे पॅलिएटिव्ह केअर नाही. दुखणं, धाप, उलट्या, झोप, रुग्णाची भीती आणि घरच्यांची दमछाक, या सगळ्यावर कोणीतरी लक्ष ठेवायचं, औषधं बदलत राहायची, याला पॅलिएटिव्ह म्हणतात. तुम्हाला शब्द मिळाला, केअर नाही मिळाली.

रिसर्च झालाय, भरपूर झालाय, पण जास्तीत जास्त पेपर अमेरिका आणि ब्रिटनचे. विषय बघितले तर भेटीवर बंदी, व्हिडिओ कॉलवरून तपासणी, धाप कशी कमी करायची, घरच्यांना वाईट बातमी फोनवर कशी सांगायची आणि मागे राहिलेल्यांचं दुःख. धापेचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. दम लागलेल्या माणसाच्या तोंडावर छोट्या पंख्याने गार वारा घातला तर बरं वाटतं, आपल्याकडे विंझण्याने आजी तेच करायची, पण २०२० मध्ये ब्रिटनच्या गाइडलाइनने सांगितलं की पंखा नको, संसर्ग पसरेल. म्हणजे वर्षानुवर्षं चाललेला साधा उपायसुद्धा तेव्हा काढून घ्यावा लागला.

फोनवरून केअर हा तर सगळ्यात लाडका विषय, आणि खरंच उपयोगी, पण त्यात फोन लागतो हे धरूनच चालतात, वादळानंतरची दापोली त्यात कुठे बसणार. आपल्या सरकारनेही २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरून तपासायचे नियम काढले, त्यात मॉर्फिनसारखी जोरदार दुखणं शमवणारी औषधं फोनवरून लिहून द्यायला बंदीच होती. २०१४ ला नार्कोटिक्सचा कायदा (मॉर्फिन त्यातच येतं) सोपा केला तरी मॉर्फिन गावापर्यंत पोचत नाही ते नाहीच, आणि कॅन्सरच्या जोरदार दुखण्याला पॅरासिटामॉल किती पुरणार सांगा. तुमच्या आईंचं काय झालं असेल याचा अंदाज येतो मला.

तुमच्या उपयोगाचं मला विचाराल तर केरळ. कोझिकोडला १९९३ मध्ये पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू झाली आणि पुढे गावागावातली शिकवलेली माणसंच घरी जाऊन रुग्ण बघायला लागली, वर नर्स आणि डॉक्टर. टॉवर पडला तरी वाडीतला माणूस चालत येतो, हिशोब एवढाच. आणि जागतिक आरोग्य संघटनेने तर संकटकाळात पॅलिएटिव्ह केअर कशी द्यायची याचं पुस्तक २०१८ मध्येच काढलं होतं, कोविडच्या दोन वर्षं आधी (वाचलं किती जणांनी तो वेगळा प्रश्न).

मुलीला प्रोजेक्ट करायचा असेल तर परदेशी पेपरांची यादी करत बसू नको म्हणावं, आशाताईंना बरोबर घेऊन वाडीवर फिरायला सांगा, त्या काळात ज्यांच्या घरी माणूस गेलं त्यांना विचारायचं की कोण आलं होतं, दुखण्याला काय दिलं, किती दिवस संपर्क नव्हता. हे कुठल्या जर्नलमध्ये मिळणार नाही.

आणि दुःखाचं. आता डॉक्टरी वर्गीकरणात लांबलेलं दुःख हा आजार म्हणून धरतात, सहा महिन्यांच्या वर टिकलं आणि रोजचं जगणंच अडलं तर, मग मानसोपचारवाल्यांकडे जायला लाजू नये. शेवटचं बोलायला, बघायला मिळालं नाही ही बोच त्या काळातल्या कितीतरी घरांत राहिलीय. तुम्ही भावाचं एकच वाक्य लिहिलंय पण माझं लक्ष तिथंच अडकलं. या गणपतीला तो आला की आरती, गर्दी सगळं आटपल्यावर त्याला त्या चार दिवसांचं विचारा.