डाउनची स्लीपिंग बॅग: ड्रायक्लीनला देऊ नका, आधी वजन करा

डाउनची, म्हणजे आत बदकाची मऊ पिसं भरलेली स्लीपिंग बॅग खराब झाल्याची तुमची पोस्ट वाचली आणि माझीच जुनी बॅग डोळ्यांसमोर आली. तुम्ही लिहिलंय, मे महिन्यात हिमाचलहून परत, बॅग तशीच स्टफ सॅकमध्ये (ती कोंबून भरायची छोटी पिशवी) कपाटावर, दिवाळीनंतर काढली तर चपटी, आत गोळे आणि कुबट वास. डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकांठ्याचा बर्फातला ट्रेक आहे आणि कोणीतरी तुम्हाला सांगतंय की ड्रायक्लीनला द्या. देऊ नका. तिथेच माझे सगळ्यात जास्त पैसे आणि एक चांगली बॅग गेली.

पिशवीत कोंबून ठेवू नये वगैरे तुम्हाला आता कळलंच असेल, ते परत सांगत नाही. (आपल्याकडे माळ्यालाही लॉफ्ट म्हणतात आणि बॅगेच्या फुगीरपणालाही. बॅग लॉफ्टवर टाकली की लॉफ्ट जातो, एवढं लक्षात ठेवा.) पण नुसतं कोंबल्याने इतकं होत नाही. कोंबलेली पण खणखणीत कोरडी बॅग बऱ्यापैकी परत फुगते. तुमच्या बॅगेत ओल राहिली होती. रात्रभर अंगातून निघणारी वाफ पिसांमध्ये जाऊन बसते. वरून हात लावला तर कापड कोरडं लागतं, म्हणून आपण फसतो.

आता माझी कथा. मीही असाच जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आलो. घरी धुवायचा कंटाळा, म्हणून शहरातल्या एका बऱ्यापैकी चकाचक लाँड्रीत दिली. नाव घेत नाही. काउंटरवरच्या माणसाला तीनदा सांगितलं, आत बदकाची पिसं आहेत, ड्रायक्लीन नको, साध्या पाण्यात धुवा, ड्रायर मंद ठेवा. तो "हो सर, होऊन जाईल" म्हणाला आणि पावतीवर लिहिलं "ब्लँकेट 1". मी ती पावती वाचली आणि खिशात घातली. माझी घोडचूक हीच. त्या वेळी "डाउन, फक्त पाणी" एवढे तीन शब्द लिहून घेतले असते तर पुढे भांडायला काहीतरी हातात राहिलं असतं.

आठ दिवसांनी बॅग मिळाली ती अशी सुबक घडी घालून, जाड प्लास्टिकमध्ये हवाबंद, वर लेबल. इतकी नीटनेटकी दिसली की उघडायचा मोहच झाला नाही. तशीच उचलून माळ्यावर. बाहेर मृगाचा पाऊस सुरू. नाशिक शहरात पाऊस इगतपुरी-त्र्यंबकच्या मानाने किरकोळ, आपल्या घरात कुठे ओल, असा माझा समज. पण ओल बाहेरून आलीच नाही, ती त्या प्लास्टिकमध्येच पॅक होऊन आली होती.

ऑक्टोबरात प्लास्टिक फाडलं तर पावसात भिजलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याचा वास. पायाकडच्या कप्प्यांत पुरणातल्या गुठळ्यांसारखे गोळे, मधले कप्पे रिकामे, आणि वर रसायनाचा उग्र दर्प, म्हणजे ड्रायक्लीनच केलं होतं. त्या द्रावणाने पिसांवरचं नैसर्गिक तेल निघून जातं, मग ती ठिसूळ होतात आणि फुगतच नाहीत. परत गेलो तर म्हणे पावतीवर ब्लँकेट आहे, आणि चार महिन्यांनी कसली तक्रार? मागच्या बाजूला बारीक अक्षरात भरपाईची मर्यादा छापलेली होतीच. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं हे मला नंतर कळलं, पण तोवर माझा उत्साह संपला होता. असो. हे लिहितानाही रक्त आटतंय.

तुमच्या बॅगेचं बघू. मी काही गिअर एक्स्पर्ट नाही, दोन बॅगा वापरून आणि एक घालवून जे कळलं ते सांगतोय. उजेडासमोर धरा. काळे ठिपके आत पिसांपर्यंत गेलेले दिसले तर ती बुरशी, अशा बॅगेत तोंड घालून झोपू नका, सोडून द्या. नुसता वास आणि गोळे असतील तर जीव आहे. फ्रंट लोड मशीन असेल तर नाजूक कपड्यांच्या सायकलवर, डाउनसाठी मिळणारा साबण थोडासाच, सॉफ्टनर अजिबात नाही, दोनदा खळबळून. मधे दांडा असलेल्या टॉप लोडमध्ये घालू नका, आतले कप्पे फाटतात. मोठ्या टपातही होतं, पण ओली बॅग एका टोकाने उचलू नका. पाण्याच्या वजनानेच आतली शिवण जाते. बाळाला आंघोळीतून काढतात तशी दोन्ही हातांनी खालून उचला.

वाळवणं हेच खरं काम. बाजेवर जुनी साडी, त्यावर बॅग, सावलीत, वारा लागेल तिथे. कडक उन्हात दिवसभर टाकू नका, पातळ नायलॉन विरतं. दर तास-दीड तासाने बोटांनी गोळे मोडत बसायचं. माझ्या दुसऱ्या बॅगेला ऑक्टोबरच्या उन्हाळ्यातही तीन दिवस लागले. पहिल्या संध्याकाळी मला ती वाळली असं वाटलं होतं. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली तर 1,480 ग्रॅम, आणि कंपनीचा आकडा 1,120. म्हणजे 360 ग्रॅम पाणी आत बसलेलं, हाताला पत्ता नाही! तेव्हापासून काटा सांगेल तीच कोरडी. तुमच्या बॅगेचं मूळ वजन कंपनीच्या माहितीत मिळेल.

फिल पॉवरचा, म्हणजे पिसं किती फुगतात त्याचा आकडाही लोक फार उगाळतात. 700 म्हणजे 28 ग्रॅम पिसं मोकळी सोडली तर 700 घनइंच, साधारण 11.5 लिटर जागा धरतात, एवढंच. ओली पिसं 800 ची असली तरी काय उपयोग?

ठेवायला माझ्या आईने जुन्या सुती नऊवारीची पिशवी शिवून दिली, दोन मोठ्या उशा सहज मावतील एवढी. ती कपाटात टांगलेली असते, बाहेरच्या भिंतीला लागून नाही. दिवाणात नको, पावसाळ्यात तिथलं प्लायवूड दमट होतं. डांबरगोळ्यांना माझा सक्त विरोध आहे, तो वास मग डोंगरावर रात्रभर नाकात जातो. सिलिका जेलच्या चार पुड्यांनी काही होत नाही. ऑगस्टमध्ये एखादा उघडीपीचा दिवस मिळाला की पंख्याखाली दोन तास काढून ठेवतो, तेवढं बास.

आणि केदारकांठ्याला यंदा बॅग भाड्याने घेतलीत तरी काही बिघडत नाही. घाईत अर्धवट वाळलेली बॅग घेऊन बर्फात जाऊ नका. वाळवल्यावर वजन किती भरलं ते इथे लिहा, मग सांगतो.