ट्रक गेला की पूल थरथरतो, म्हणजे तो कमजोर झालाय का?

नाही हो, हलणं हा दोष नाही. वडोदऱ्यात काळ्या घोड्याजवळ विश्वामित्री नदीच्या पुलावर जरा थांबा. शेजारून बस गेली की पायाला थरथर लागतेच. पाहायचं ते सेकंदाला किती वेळा हलतो हे, म्हणजे त्याची वारंवारता. गर्डरला, म्हणजे पुलाच्या तुळईला, लावलेले अ‍ॅक्सिलरोमीटर (कंपनं मोजणारे सेन्सर) तेच टिपतात, वाहतूक चालू असतानाच. पुलाचा ताठपणा १० टक्के घटला तरी वारंवारता जेमतेम ५ टक्के उतरते, आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊनही तेवढा फरक पाडू शकतं! म्हणून वर्षभराच्या नोंदी हव्यात, तापमानासकट. बारीक तडा मात्र यातून सहज निसटतो. जुलै २०२५मध्ये गुजरातमधल्या मही नदीवरचा गंभीरा पूल कोसळल्यापासून माझं मत पक्कं झालंय: सेन्सर लावाच, पण खाली उतरून बेअरिंग (गर्डर ज्यावर टेकतो तो आधार) बघणारा माणूस काढू नका.