वाचकांचे प्रश्न : छापखान्यातील ‘कॉपी’

प्रश्न : माझे आजोबा 1964 च्या सुमारास पणजीतील एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यांच्या वहीत ‘कॉपी रात्री दहानंतर आली’, ‘कॉप्या 40 कमी पडल्या’, ‘कॉपी होल्डर आजारी, एकट्यानेच तपासले’, ‘प्रकरण मोठे, पण कॉपी नाही’ अशा नोंदी आहेत. वहीत ठेवलेल्या एका प्रुफाच्या समासात ‘आउट, सी कॉपी’ असे लिहिले आहे. आम्हाला कॉपी म्हणजे परीक्षेतली नक्कल एवढेच ठाऊक. हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ आहेत का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : शब्द एकच आहे आणि खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले, तर त्याचे बहुतेक अर्थ आपोआप उलगडतात. जुळाऱ्यासमोर जो कागद असे आणि ज्याबरहुकूम त्याला खिळे लावायचे असत, तो कागद म्हणजे कॉपी. जिची नक्कल करायची, तिलाच नकलेचे नाव, हे आज उलटे वाटते. पण इंग्लंडचा आद्य मुद्रक कॅक्स्टन 1485 मधील एका प्रस्तावनेत आपण ‘आपल्या कॉपीप्रमाणे’ छापल्याचे सांगतो, तेव्हा त्यालाही हाती आलेले हस्तलिखितच अभिप्रेत आहे. पोर्तुगीजमध्ये याच कागदाला ‘ओरिजिनाल’ म्हणतात. म्हणजे गोव्यात, जिथे 1556 मध्येच छपाई सुरू झाली आणि मुक्तीनंतर 1962 मध्ये ‘गोमन्तक’ व 1963 मध्ये ‘नवहिंद टाइम्स’ निघाले, तिथे एकाच कागदाला एका भाषेत ‘मूळ’ आणि दुसऱ्या भाषेत ‘नक्कल’ असे नाव होते. मला या शब्दाच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

मासिके आजही लेखकांना कागदाच्या एकाच बाजूला लिहावे असे सांगतात, त्याचे मूळही याच कागदात आहे. घाईच्या वेळी कॉपी कात्रीने तुकडे करून तीन-चार जुळाऱ्यांत वाटली जाई. मागच्या बाजूला मजकूर असता, तर तो भलत्याच माणसाकडे गेला असता.

कॉपी होल्डर म्हणजे मूळ मजकूर हाती धरून मोठ्याने वाचणारा मदतनीस. तो नुसते शब्द वाचत नसे, तर ‘स्वल्पविराम’, ‘अवतरण सुरू’, ‘नवा परिच्छेद’ असे सारे उच्चारत जाई आणि शोधक ते ऐकत प्रुफावर नजर ठेवी. तो आजारी असल्यावर आपल्या आजोबांना एकदा मुळाकडे आणि एकदा प्रुफाकडे पाहत प्रत्येक ओळ लावावी लागली असणार, आणि ही अडचण किती मोठी होती, हे ते काम केलेल्यालाच कळेल. ‘आउट, सी कॉपी’ ही शोधकाची खूण आहे. जुळणीत दोन-चार ओळी गळल्या, की त्या समासात पुन्हा लिहून काढण्याऐवजी ‘गळले आहे, मूळ पाहा’ एवढेच लिहीत.

बातमीदारीत ही कॉपी कागदावरून मजकुराकडे सरकली. एखाद्या घटनेत लिहिण्याजोगे काही असेल, तर तिच्यात ‘कॉपी आहे’ असे म्हणत; म्हणून ‘प्रकरण मोठे, पण कॉपी नाही’ याचा अर्थ गवगवा पुष्कळ, पण छापण्याजोगा मजकूर हाती नाही असा होतो. आलेल्या ढिगातून घेण्याजोग्या बातम्या निवडणाऱ्याला इंग्रजी वृत्तपत्रांत चव घेणारा या अर्थाने ‘कॉपी टेस्टर’ म्हणत. आपल्याकडे 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्यातील व्याख्येत मात्र इंग्रजी स्पेलिंगच्या एका अक्षराने हा चव घेणारा चाचणी घेणारा झाला आहे. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जात असल्याने मराठी वाचकाला तो फरक दिसत नाही.

उरल्या त्या 40 कॉप्या. त्या अंकाच्या प्रती होत. वही वाचताना आपण क्रियापदाकडे लक्ष द्यावे. ‘कॉपी आली’, ‘कॉपी लागली’ असे एकवचन असेल, तर तो बहुधा मजकूर आहे, ज्याला आपल्याकडे ‘मुद्रणप्रत’ हा नेमका शब्द आहे. आणि ‘कॉप्या निघाल्या’, ‘कमी पडल्या’ असे अनेकवचन असेल, तर ते छापून झालेले अंक आहेत. परीक्षेतली नक्कल त्या वहीत बहुधा कुठेही सापडणार नाही.