भिकबाळी टोचली, कान सुजला

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, ढोल पथकात वाजवतो. यंदा सगळ्या मित्रांनी भिकबाळी घालायचं ठरवलं म्हणून यानेही एका दुकानात गनने कान वरच्या बाजूला टोचून घेतला. चौथ्या दिवशी सरावात कुणाचं तरी टिपरू लागलं, बाळी ओढली गेली आणि तिथे जखम झाली. सासूबाईंनी हळद आणि खोबरेल तेल लावलं. आता कान लालभडक झालाय, गरम लागतो, हात लावू देत नाही, खालची पाळी मात्र एकदम नॉर्मल आहे. घरातली क्रीम लावून दोन दिवस वाट बघू का? – एक आई, धायरी

उत्तर : ताई, तुमची मेल आली त्याच दिवशी तुम्हाला कळवलं होतं की वाट बघू नका, आजच ईएनटी डॉक्टरांकडे न्या. इथे सविस्तर लिहितोय ते बाकीच्यांसाठी, कारण गणपतीच्या आधी अशा केसेस येतातच.

तुम्ही पाळी नॉर्मल आहे असं लिहिलंत ना, त्यावरूनच मला काळजी वाटली. स्वतःचा कान चिमटीत धरून बघा, खालची पाळी नुसती मऊ, आणि वर गेलं की आत कुरकुरीत लागतं, ते कार्टिलेज. या कार्टिलेजला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात, त्याच्यावर चिकटलेला एक पातळ पापुद्रा असतो त्यातून त्याला सगळं मिळतं. आता तिथे जंतू शिरले आणि पू झाला, किंवा मार लागून रक्त साठलं, की तो पापुद्रा सुटतो आणि कार्टिलेज उपाशी मरतं. मग कान आकसतो, चुरगळल्यासारखा होतो आणि तो पहिल्यासारखा आपोआप होत नाही. तालमीतल्या जुन्या पैलवानांचे गाठाळलेले कान बघितलेत का, ते असंच रक्त साठून साठून झालेलं असतं. पाळीत कार्टिलेज नाही म्हणून ती या सगळ्यातून वाचते.

आणि टोचलेल्या कानात बरेचदा स्युडोमोनास नावाचा जंतू सापडतो, त्याच्यावर घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या चालतच नाहीत, वेगळं अँटिबायोटिक लागतं, ते डॉक्टरच ठरवतील. पू झाला असेल तर छोटा छेद देऊन काढावाच लागतो. बाळीही बहुतेक काढायला लागेल, मुलाला वाईट वाटेल पण कान महत्त्वाचा. हौस असेल तर दाबाची भिकबाळी मिळते, बुगडीही दाबाची मिळते, आणि टोचायचंच असेल तर वरच्या कानाला गन नको, गनच्या दाबाने कार्टिलेजला तडा जाऊ शकतो, निर्जंतुक सुईने टोचून घ्या.

सासूबाईंना रागावू नका हं, त्यांनी मायेनेच केलं. पण उघड्या जखमेत स्वयंपाकघरातली हळद नकोच, ती निर्जंतुक नसते आणि पिवळ्या थराखाली जखम किती खोल आहे ते आम्हाला दिसतही नाही, ती घासून काढताना पोरं ओरडतात. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न सोडता दाबून धरायचं, रक्त थांबलं की पिण्याच्या वाहत्या पाण्याने धुवायचं, बस. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही डॉक्टरांना सांगा. कुत्रा चावला असेल तर मात्र १५ मिनिटं साबण लावून धुवा आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करा, कानाच्या जखमेला जखमेतच द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन, लागतं.

प्रश्न : नातवाने झुमका ओढला आणि पाळी खालपर्यंत फाटली. आपोआप जुळेल का? – एक आजी, कोथरूड

उत्तर : काकू, नाही जुळत. दोन्ही कडा आपापल्या भरून येतात आणि पाळीला कायमची खाच राहते. त्याच दिवशी आलात तर नुसती जागा बधिर करून टाके घालता येतात, घरीही लगेच जाता येतं. जुनी फाटलेली असेल तरी काळजी नको, कडा पुन्हा ताज्या करून शिवतात. नवीन भोक साधारण तीन महिन्यांनी पाडा, व्रणाच्या बाजूला, व्रणातून नको, तिथली कातडी कमजोर असते. आणि नातू मांडीवर असेपर्यंत कुड्याच बऱ्या.

प्रश्न : मिस्टर पावसात स्कूटरवरून घसरले, हेल्मेट नव्हतं. कानाच्या आतून थोडं रक्त आलं, आता थांबलंय. कापूस घालून ठेवलाय, चालेल ना? – हडपसर

उत्तर : कापूस काढा आणि आत्ता हॉस्पिटलला न्या, हे मी तुम्हाला फोनवरही सांगितलं. डोक्याला मार लागून कानाच्या आतून रक्त किंवा पाण्यासारखं काही आलं तर कवटीच्या तळाचं हाड फ्रॅक्चर असू शकतं, सीटी स्कॅन करावाच लागतो. येणारं येऊ द्यायचं, कानावर बाहेरून फक्त सैल गॉज ठेवायचं. आत बोळा नाही, ड्रॉप्स नाहीत, तेल तर अजिबात नाही. रस्त्यात ते झोपाळल्यासारखे झाले, उलटी झाली किंवा तोंड एका बाजूला वाकडं वाटलं तर १०८ ला फोन करा.