मुंबईत पर्यावरण आणि आउटडोअर एज्युकेशन शिकवणारा प्राध्यापक म्हणून करिअर करता येतं का? रोजचं काम कसं असतं?

तुम्ही तपशिलात लिहिलंय की एमएस्सी पर्यावरणशास्त्र चालू आहे, सह्याद्रीत भटकायची आवड आहे आणि परदेशातल्या कॉलेजांत आउटडोअर एज्युकेशनचा वेगळा विभाग असतो हे वाचल्यापासून तेच करावंसं वाटतंय. मी उपनगरातल्या एका कॉमर्स कॉलेजात भूगोल आणि पर्यावरण शिकवत आलोय, म्हणून उत्तर देतो.

‘आउटडोअर एज्युकेशनसाठी सहायक प्राध्यापक पाहिजेत’ अशी जाहिरात मुंबईत माझ्या तरी पाहण्यात नाही. तो विषय, म्हणजे वर्गाबाहेर निसर्गात नेऊन शिकवणं, परदेशात वाढला. 1941 मध्ये जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी वेल्सच्या किनाऱ्यावर ‘आउटवर्ड बाउंड’ या साहसी शिक्षणाच्या उपक्रमाची पहिली शाळा सुरू केली, ती तरुण खलाशांना संकटात तग धरता यावा म्हणून. त्या वाटेने पुढे तिकडच्या कॉलेजांत विभाग आले, पदव्या आल्या, नोकऱ्या आल्या. आपल्याकडे पर्यावरण कॉलेजात शिरलं ते कोर्टाच्या आदेशाने. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये निर्देश दिले, पण सगळ्या शाखांना सक्तीचा अभ्यासक्रम लागू व्हायला 2004 उजाडलं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) त्या अभ्यासक्रमात पन्नास तासिका होत्या आणि त्यातल्या पाच क्षेत्रभेटीच्या. बहुतेक ठिकाणी या पाच कागदावरच उरकल्या जातात. तुम्हाला हवं असलेलं काम मात्र नेमकं त्या पाचांत आहे. जागा भूगोलाची, वनस्पतिशास्त्राची किंवा पर्यावरणाची मिळते, आणि बाहेर नेऊन शिकवणं हे त्या जागेच्या पोटात आपण आपलं उभं करायचं असतं.

आता रोजचं काम. सकाळच्या कॉलेजात पहिलं लेक्चर सातला. समोर शंभराच्या वर मुलं. त्यातली निम्मी दुपारी कुठेतरी अकाउंट्स लिहायला किंवा दुकानावर जाणारी, आणि पर्यावरण म्हणजे ‘पास होण्यापुरता पेपर’ असं सीनियरांकडून ऐकून आलेली. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जागतिक तापमानवाढीवरचा तयार प्रोजेक्ट मिळतो, फक्त नाव बदलायचं. यावर ओरडून काही होत नाही. दुकानात ज्याचं उत्तर मिळणार नाही असा प्रश्न द्यावा लागतो. तुमच्या इमारतीच्या गच्चीवर पडलेलं पावसाचं पाणी कुठल्या गटारातून कुठल्या नाल्यात आणि शेवटी कुठल्या खाडीत जातं, ते चालत जाऊन बघा आणि नकाशावर काढून आणा. एवढंच. कुर्ल्याची मुलं मिठीपाशी पोचतात, मालाडची मालाड खाडीपाशी, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आपल्याच गल्लीत पाणी किती चढलं होतं हे घरी विचारून येतात. मग वर्गात मिठीचा नकाशा लावला की सांगावं लागत नाही. विहारच्या धरणातून निघालेली नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, पुढे कुर्ला, बीकेसी करत माहीमच्या खाडीला मिळते. तिला पसरायला जागा कुठे ठेवली आहे, हे मुलंच बोट ठेवून दाखवतात.

बाहेर न्यायचं म्हणजे हिमालयातच, हा समज आधी काढून टाका. मुंबईच्या लोकलने जेवढं शिकवता येतं तेवढं शिकवून संपत नाही. अंधेरी स्टेशनपासून चालत गिल्बर्ट हिल आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे उभे खांब, चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेले आणि माथ्यावर देऊळ. बोरिवलीहून राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना न्यावं तर सगळे बुद्धमूर्तींकडे बघतात. मी आधी पायाखाली बघायला लावतो. खडकात कोरलेल्या पन्हळी, त्या ज्यात उतरतात त्या पाण्याच्या टाक्या, ज्यांना तिथल्या शिलालेखांत पोढी म्हटलंय. पावसाचे चार महिने अंगावर घेऊन उरलेले आठ महिने काढायची ती सोय होती. त्याच जंगलात विहार (1860) आणि तुळशी (1879) हे तलाव, म्हणजे मुंबईच्या नळाच्या पाण्याची सुरुवात. एका सकाळीत दोन हजार वर्षांचं पाणी-व्यवस्थापन होतं, आणि खर्च लोकलचं तिकीट, आत जायची बस आणि प्रवेश फी.

किनाऱ्याचा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलतो. ओहोटीची वेळ चुकली तर सहल फुकट, म्हणून वेळ काढायला मुलांनाच शिकवतो. कोकणातला जुना आडाखा आहे: तिथीचा पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराचा पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि साधारण सहा तास अलीकडे, सकाळी नऊला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी भरतीचं अधिकृत कोष्टक बघायचंच. पण कॉमर्सच्या मुलांना हा हिशेब फार आवडतो. वर्गात वेसावे-माहीमकडचा एखादा कोळी मुलगा असतोच. उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी, कुठल्या दिवशी पाणी किती लांब जाईल, हे त्याच्या घरात रोजचं बोलणं. एरवी मागच्या बाकावर बसणारा तो त्या दिवशी पुढे असतो, आणि मी त्याला पुढे राहू देतो. खडकाळ किनाऱ्यावर पाणी हटलं की डबक्यांतून खेकडे, शंखातले साधू खेकडे, समुद्रफुलं दिसतात. गिरगावात आणि हाजी अलीला हे असतं यावर मुंबईत जन्मलेल्या मुलांचा विश्वास बसत नाही.

शिवडीची गोष्ट वेगळी. थंडीत हार्बरने जायचं, जेट्टीपर्यंत चालायचं. पाणी पूर्ण भरलेलं असेल तर चिखल झाकलेला, पूर्ण ओसरलेलं असेल तर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) लांब. मधली वेळ साधावी लागते. धाकटा रोहित सूक्ष्म शैवाल खातो, त्यातल्याच रंगद्रव्यांनी गुलाबी होतो, आणि ते शैवाल खाडीत माजतं त्यात शहराच्या सांडपाण्याचाही हात असल्याचं सांगितलं जातं. इथे एखादी मुलगी हमखास विचारते, ‘सर, मग सांडपाणी शुद्ध केलं तर पक्षी जातील का?’ पुस्तकातल्या ‘प्रदूषणाचे दुष्परिणाम’ या धड्यात हा प्रश्न मावत नाही. मी उत्तर देत नाही, त्यावर पुढचे दोन तास वाद घालायला लावतो. ठाणे खाडीचा भाग 2015 मध्ये रोहित अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला, आणि 2024 पासून शिवडीहून अटल सेतू सुरू झाला. या तिन्ही गोष्टी एकाच जेट्टीवर उभं राहून बोलता येतात. तिवराचं पान चाटून बघायला लावलं की मीठ बाहेर टाकणारी झाडं कायमची लक्षात राहतात. परीक्षेत तो एक प्रश्न कोणी सोडत नाही.

या कामाचा मोठा भाग मात्र कागदांचा आहे आणि तो कोणी सांगत नाही. प्राचार्यांची परवानगी, पालकांची संमतिपत्रं, मुलांची यादी फोन नंबरांसकट, सोबत शिक्षिका, प्रथमोपचाराची पेटी, जवळचं रुग्णालय कुठलं याची नोंद. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, त्यानंतर सहल म्हटलं की प्राचार्यांच्या कपाळावर आठी पडते. मला ती आठी रास्त वाटते. माझ्या गटात पाण्यात उतरणं नाही आणि पावसाळ्यात धबधब्याखाली जाणं नाही, त्यावर चर्चाही नाही. जागा आधी एकट्याने जाऊन बघून यायची, आणि तिथे पहिली पाहणी स्वच्छतागृहाची. ते नसेल तर मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि अकरा वाजता उन्हात चक्कर येते. जैवविविधतेच्या पुस्तकांत हे लिहिलेलं नसतं.

आता पोटापाण्याचं. एमएस्सीला किमान 55 टक्के आणि नेट किंवा सेट (प्राध्यापकांची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा), एवढी किमान पात्रता. नेट आणि सेट दोन्हींत पर्यावरणशास्त्र हा विषय आहे. पीएचडी नसेल तरी अर्ज करता येतो, पण मुलाखतीत ती असलेले लोक शेजारी बसलेले असतात. एक अडचण तुम्हाला आधीच माहीत असलेली बरी. मुंबई विद्यापीठाच्या कॉमर्स कॉलेजांत पर्यावरणाचा पेपर बराच काळ भूगोलवाल्यांकडे राहिला, त्यामुळे फक्त पर्यावरणशास्त्राच्या जागा कमी निघतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विषयांची मांडणी बदलली आहे. यूजीसीच्या 2023 च्या आराखड्यात पर्यावरण शिक्षणाला चार श्रेयांक (क्रेडिट) आहेत, पण तो कार्यभार कोणाच्या पदरात पडतो हे कॉलेजागणिक वेगळं. अर्ज करण्याआधी हेच विचारून घ्या.

अनुदानित कॉलेजात कायम जागा मिळाली तर सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 आणि वर भत्ते. ती मिळेपर्यंत बहुतेकांच्या नशिबी सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व: शिकवलेल्या तासाचे पैसे, मे महिन्यात काही नाही, पुढच्या जूनला पुन्हा मुलाखत. काही जण यात फार वर्षं अडकतात. घरची जबाबदारी असेल तर स्वतःला मुदत घाला. आउटडोअरची खरी ओढ असेल तर महागड्या शाळांसाठी निवासी शिबिरं घेणाऱ्या कंपन्या आहेत, कामही वर्षभर बाहेरचं असतं. फक्त तिथली मुलं वेगळी, आणि तीच मुलं दोन दिवसांनी निघून जातात. मला वर्षभर तोच वर्ग लागतो, हा माझा स्वभाव झाला.

डोंगरातल्या आवडीला कागद हवा असेल तर उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट, दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट) किंवा मनालीची संस्था यांपैकी कुठेतरी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करा. साधारण चार आठवडे लागतात. ‘ए’ ग्रेड मिळाली तर अॅडव्हान्स्ड आणि त्यापुढे शिकवण्याच्या पद्धतीचा एमओआय. कॉलेजच्या निवड समितीला याचे गुण द्यायला रकाना नसतो. पण दोर आणि प्रथमोपचार येणारा माणूस म्हणून प्राचार्य परवानगीवर सही लवकर करतात, हा फायदा मी प्रत्यक्ष पाहिलाय. त्याआधी, आणि त्याहून स्वस्तात, बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) पक्ष्यांचे किंवा वनस्पतींचे कोर्स करा. 1883 ची संस्था, तुमच्याच शहरात. झाडाचं नाव न सांगता आल्यामुळे गप्प उभा राहिलेला पर्यावरणाचा शिक्षक मुलांना लगेच कळतो. एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) जबाबदारी कोणी नको म्हणत असेल तर आनंदाने घ्या, कारण गावातलं सात दिवसांचं निवासी शिबिर हे आपल्याकडच्या आउटडोअर एज्युकेशनला सगळ्यात जवळचं आहे आणि त्याला मंजुरी व थोडा निधी आधीपासून असतो.

मुलाखतीला डेमो लेक्चर मागतात. बहुतेक उमेदवार ओझोनचा थर घेतात. तुम्ही त्या कॉलेजच्या आवारातलं एक झाड किंवा मागचा नाला आदल्या दिवशी जाऊन बघा आणि त्यावर दहा मिनिटं बोला.