सांकेतिक ताब्यातले घर आणि आठ लाखांची पुंजी

भोसरीत भाड्याने राहणाऱ्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्या खासगी शाळेत शिकवतात आणि पती चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. दोघांचे मिळून दरमहा ७८ हजार रुपये हातात येतात, त्यांतले १४ हजार भाड्याला जातात आणि घरखर्च भागवून १८ हजार शिल्लक राहतात. साडेसहा लाखांची मुदत ठेव, म्युच्युअल फंडातले दीड लाख, नऊ तोळे सोने आणि सासऱ्यांनी हातउसने देऊ केलेले तीन लाख, एवढी त्यांची तयारी आहे. वर्तमानपत्रातल्या लिलावाच्या नोटिशीत त्यांना चिखलीतला एक वन बीएचके सापडला. त्याची राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली बोली घेतली जात नाही ती, २७ लाख ४० हजार आहे, मुद्रांक शुल्कासाठी धरले जाणारे सरकारी मूल्य ३३ लाख ६० हजार आहे, आणि त्याच इमारतीतले तेवढेच घर नुकतेच ३७ लाखांना विकले गेले. ‘जवळजवळ दहा लाख वाचत असतील, तर ठेव मोडून बोली लावावी का?’ असा त्यांचा प्रश्न आहे. सासूबाईंचे म्हणणे मात्र असे, की कुणाचे हिरावलेले घर लाभत नाही.

तुम्ही नोटिशीचे कात्रण सोबत पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्या कात्रणातच आहे. या लिलावात, आजच्या स्थितीत, तुम्ही बोली लावू नये असे माझे मत आहे. लिलावाचे घर घेऊच नये असे मी म्हणत नाही. माझ्या ओळखीच्या काही कुटुंबांनी अशी घरे घेतली आहेत आणि ती आज तिथे सुखाने नांदत आहेत. परंतु तुमच्या नोटिशीत ताब्याच्या रकान्यात ‘सांकेतिक’ असा शब्द आहे आणि माझा सगळा आक्षेप त्या एका शब्दाभोवती आहे.

सरफेसी कायद्यानुसार, म्हणजे २००२ च्या ज्या कायद्याने बँकांना दिवाणी न्यायालयात न जाता तारण विकण्याचा अधिकार दिला त्यानुसार, कर्ज थकले की बँक कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस देते आणि पैसे आले नाहीत तर तारणाचा ताबा घेते. हा ताबा बहुतेक वेळा आधी कागदावरच असतो, त्यालाच सांकेतिक ताबा म्हणतात. दारावर नोटीस चिकटवली जाते, वर्तमानपत्रात ती छापली जाते, आणि आत राहणारे कुटुंब आतच राहते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. त्यावर ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत आदेश व्हावा असे कायदा सांगतो, पण आदेश हाती पडणे, पोलीस बंदोबस्त मिळणे आणि कुलूप बदलणे यांत किती महिने जातील हे कायद्यात लिहिलेले नसते. दरम्यान बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागण्याचा हक्क कर्जदाराला असतोच. तुमच्या नोटिशीतले घर स्वस्त दिसते ते या कारणाने. बँकेने जे काम अर्धवट सोडले आहे, ते अंगावर घेणाऱ्याला किमतीत ही सूट मिळते. ज्याच्याकडे दोन वर्षे थांबण्याइतका पैसा आणि एक चांगला वकील आहे, त्याला ती सूट परवडते.

कायदा लिलावात घेणाऱ्याच्या बाजूने आहे, हे मान्य करायला हवे. बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले, की लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यावर थकबाकी भरून मालमत्ता सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. त्या मालमत्तेसाठी लिलावात १०५ कोटी रुपये मोजणाऱ्या कंपनीचा विजय झाला खरा, पण त्याच कंपनीला ताब्यासाठी आणि कागदपत्रांसाठी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि तो निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. एवढ्या मोठ्या खरेदीदाराला इतके दिवस लागले असतील, तर हप्ता आणि भाडे दोन्ही पगारातूनच भरणाऱ्या घराने आपला हिशेब किती सावधपणे मांडावा, याचा विचार करावा.

आता पैशाचे वेळापत्रक पाहू. राखीव किमतीला घर क्वचितच सुटते, म्हणून तुमची बोली ३० लाखांवर थांबली असे धरतो. इसारा राखीव किमतीच्या दहा टक्के, म्हणजे २ लाख ७४ हजार, आधीच भरलेला असेल. बोली तुमच्या नावे लागली, की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, इसारा धरून एकूण २५ टक्के रक्कम, म्हणजे साडेसात लाख, पूर्ण करावी लागते. उरलेले साडेबावीस लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरायचे असतात. बँकेने लेखी मान्य केले तर ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. रक्कम वेळेत भरली नाही, तर भरलेले साडेसात लाख जप्त होतात. ही जप्ती कठोर वाटली, तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात ती योग्य ठरवली आहे. तुमच्याजवळ रोख आठ लाख आहेत आणि गृहकर्जाचे मंजुरीपत्र अजून नाही. सांकेतिक ताब्यातल्या घरावर कर्ज द्यायला अनेक बँका तयार नसतात, कारण त्यांच्या मूल्यांकनकाराला घरात पाऊलच टाकता येत नाही. मंजुरीपत्र हातात नसताना इसारा भरणे, म्हणजे तुमच्या आजवरच्या सगळ्या बचतीचा जुगार खेळणे होय.

समजा, कर्ज मिळाले. साडेबावीस लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी सुमारे साडेएकोणीस हजारांचा हप्ता येतो. ताबा मिळेपर्यंत १४ हजारांचे भाडे चालूच राहील आणि नव्या घराचा सोसायटीचा देखभाल खर्च, तुम्ही लिहिल्याप्रमाणे २,२०० रुपये, हाही सुरू होईल. हे सारे ३५ हजार ७०० होते. भाडे आणि बचत मिळून तुम्ही आज दरमहा ३२ हजार बाजूला काढू शकता. म्हणजे जिथे राहताही येत नाही अशा घरापायी दरमहा ३,७०० रुपयांची तूट येईल आणि ती भागवायला गंगाजळीत पन्नास हजारच उरलेले असतील.

आणि त्या पन्नास हजारांवर दुसरेही दावेदार आहेत. नोटिशीत विक्री ‘जसे आहे जेथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर असल्याचे लिहिलेले असते. बँकेला माहीत असलेले बोजे तिने नोटिशीत द्यायचे असतात. तिला माहीत नसलेले खरेदीदाराने शोधायचे असतात. तुम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून चार वर्षांची थकबाकी व्याजासह पावणेदोन लाख असल्याचे विचारून आलात, याचे मला मनापासून कौतुक वाटते. बहुतेक लोक हे बोली जिंकल्यावर विचारतात. त्यात मालमत्ता कराचे ३८ हजार आणि महावितरणचे १२ हजार मिळवा. मुद्रांक शुल्क पिंपरी-चिंचवडमध्ये सात टक्के पडते. ते मी मुद्दाम सरकारी मूल्यावर, म्हणजे चढे, धरतो, ते २ लाख ३५ हजार होते. नोंदणी फी ३० हजार. वकील, सर्च रिपोर्ट व मूल्यांकन यांना ३० हजार. चार वर्षे देखभालच न झालेल्या घराच्या दुरुस्तीला अडीच लाख हा माझा अंदाज आहे आणि तो मी कमीच धरला आहे. बेरीज ७ लाख ७० हजार. त्यात ताब्याची वाट पाहण्याच्या एका वर्षाचे भाडे १ लाख ६८ हजार घातले, की तीस लाखांचे घर ३९ लाख ३८ हजारांना पडते.

याच्या शेजारी ३७ लाखांचे नेहमीचे रिसेल घर ठेवून पाहा. ते एकट्या तुमच्या नावावर घेतले, तर महिला खरेदीदाराला मिळणाऱ्या एक टक्क्याच्या सवलतीमुळे मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे २ लाख २२ हजार होईल. नोंदणी फी ३० हजार, एक टक्का दलाली ३७ हजार, रंगरंगोटीला ६० हजार. एकूण साडेचाळीस लाखांच्या आत. दहा लाखांची वाटणारी बचत सव्वा लाखाच्याही खाली उतरली, आणि ताब्याला दुसरे वर्ष लागले तर तीही संपून वर पदरचे अर्धा लाख जातील.

एक मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण स्वस्तात घेणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात घ्यावा. सरकारी मूल्य आणि प्रत्यक्ष किंमत यांतला फरक किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर आयकर कायदा तो सगळा फरक खरेदीदाराचे उत्पन्न मानू शकतो. ३० लाखांच्या बोलीवर हा फरक ३ लाख ६० हजार होतो, म्हणून तो या तरतुदीत सापडतो. गंमत अशी, की ३० लाख ५५ हजारांची बोली सापडत नाही. कर प्रत्येकाच्या वेगळ्या उत्पन्नावर लागतो आणि तुम्हा दोघांपैकी कुणा एकाचे वार्षिक उत्पन्न हा फरक मिळवूनही १२ लाखांच्या आत राहते, त्यामुळे नव्या करप्रणालीतल्या सवलतीने कर शून्यच येईल. तरी तो विवरणपत्रात दाखवण्याबाबत कर सल्लागाराशी बोललेले बरे.

चिखलीविषयी दोन शब्द वेगळे लिहायला हवेत. त्या भागात परवानगी नसलेली बांधकामे पुष्कळ आहेत. मे २०२५ मध्ये इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले महापालिकेने पाडले, तेव्हा ते विश्वासाने घेणाऱ्या कुटुंबांचे काय झाले हे तुम्ही जवळून पाहिले असेल. बँकेने एकेकाळी कर्ज दिले म्हणजे इमारत निर्वेध आहे असे समजू नये. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सूची दोनचा, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या खरेदी-विक्रीच्या नोंदींचा, तीस वर्षांचा शोध आणि इमारतीचे पूररेषेपासूनचे अंतर, या चार गोष्टी लिलावाच्या घराबाबतही तितक्याच कसोशीने पाहाव्यात, रिसेलच्या घराबाबतही.

सासूबाईंचे म्हणणे मी अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणार नाही. घर लाभणे न लाभणे हा माझा विषय नव्हे, परंतु त्यांनी ज्या माणसांकडे बोट दाखवले आहे ती माणसे अजून त्या घरातच आहेत. बोली जिंकल्यावर त्यांच्याशी बोलणे, कदाचित त्यांना घर सोडण्यासाठी काही रक्कम देणे, कदाचित त्यांची मुले शाळेत असताना पंचनाम्याला उभे राहणे, हे तुमच्या वाट्याला येईल. ज्यांच्या मनाला हे जड जाईल त्यांनी प्रत्यक्ष ताब्यातलीच घरे पाहावीत, हा हिशेबाचाही सल्ला आहे.

तेव्हा पुढे असे करावे. सार्वजनिक बँकांच्या लिलावाच्या घरांची यादी बँकनेट या संकेतस्थळावर मिळते. तिथे भोसरी, मोशी, चिखली, दिघी एवढ्यातच शोध घ्यावा आणि प्रत्यक्ष ताबा असलेल्याच घरांची पाहणी करावी. अशा घराची किल्ली बँकेकडे असते, घर आतून पाहता येते आणि कर्जही सुलभ मिळते. सूट मात्र कमी असते आणि ती तशीच असायला हवी. बोली लावण्यापूर्वी मंजुरीपत्र घ्यावे, सोसायटीचे थकबाकीचे पत्र लेखी घ्यावे आणि कमाल बोलीचा आकडा कागदावर लिहून पतींच्या खिशात ठेवावा, कारण ऑनलाइन लिलावात शेवटच्या पाच मिनिटांत माणूस दहा-दहा हजारांनी कुठे जाऊन पोहोचतो हे त्याचे त्यालाही कळत नाही. त्याच वेळी रिसेलची घरेही पाहत राहावे. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे, त्यामुळे ३४ लाखांचे घर, ३० लाखांचे कर्ज आणि २६ हजारांचा हप्ता ही मांडणी तुमच्या ३२ हजारांत बसते, आणि त्यात भाडे थांबलेले असते. वर्षभरात बचतीत आणखी दोन लाख पडले, तर सासऱ्यांचे पैसे घेण्याची वेळही कदाचित येणार नाही.

तुमच्या नोटिशीतल्या घराचा विचारही कायमचा सोडू नका. सांकेतिक ताब्यातल्या घरांना अनेकदा बोलीच येत नाही आणि ती फेरलिलावात येतात. त्या घराचा क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या नोटिशीत ताब्याच्या रकान्यातला शब्द बदललेला दिसला, तर मला पुन्हा लिहा. तोपर्यंत मुदत ठेव आहे तिथेच राहू द्या.